ओनीचा अखंड शर्ट

११ सप्टेंबर १९९४

ओनीच्या खुब्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. सांधा नवा बसवला, माणूस मात्र जुनाच आहे. शुद्धीवर आल्या आल्या विचारतो, "पंधरा नोव्हेंबरपर्यंत चालता येईल ना?" डॉक्टर दक्षिणेकडच्या, खालच्या मिशिगनचा, नवा. तो म्हणाला, "पंधरा नोव्हेंबरला काय आहे?" नर्सनं त्याच्याकडे असं पाहिलं की बिचारा फायलीत तोंड घालून बसला. आमच्याकडे त्या दिवशी हरणाच्या शिकारीचा मोसम उघडतो; शाळा बंद असते, दुकानं अर्धवट बंद असतात, आणि ज्याचे पाय चालतात तो बंदूक घेऊन रानात असतो.

नाताळपर्यंत रानात पाऊल टाकायचं नाही असं डॉक्टरनं बजावलं. ओनी भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. एकतीस वर्षांत एकही मोसम चुकवलेला नाही माझ्या नवऱ्यानं.

१८ सप्टेंबर

वायनोभाऊजी भेटायला आले. हे ओनीचे थोरले चुलतभाऊ, आणि कॅम्पचे कारभारी. येताना त्यांच्या बायकोनं, हेल्मीनं, दिलेला वेलदोड्याचा पाव आणला होता. बराच वेळ हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मग टोपी हातात फिरवत म्हणाले, "ओनी, फळीचं काय करायचं?"

कॅम्प म्हणजे नदीपलीकडच्या दलदलीच्या कडेला यांच्या आजोबांनी बांधलेली ओंडक्यांची खोली. झोपायला पाचच फळ्या. नियम आजोबांचाच आहे: मोसमाच्या पहिल्या आठवड्यात फळी रिकामी राहिली, तर ती रांगेतल्या पुढच्या माणसाकडे जाते. घरातलं दुसरं कुणी ती राखू शकतं, पण त्यानं परवाना काढून, बंदूक घेऊन, इतरांसारखं रानात बसायला हवं. पाहुण्यानं फळी राखली जात नाही. रांगेत भाऊजींचा भाचा रँडल आहे. ग्रीन बे शहरात विमा विकतो. सहा वर्षं टपून बसलाय. भाऊजी त्याला दर वर्षी पाहुणा म्हणून जमिनीवर झोपवतात.

"नियम मोडला तर रँडल सोडणार नाही मला," भाऊजी म्हणाले.

ओनी म्हणाला, "देऊन टाक त्याला." हसून म्हणाला, पण गोधडीखाली त्याच्या पायाची बोटं आवळलेली मला दिसली. आम्हाला मूलबाळ नाही. घरातलं दुसरं कुणी म्हणजे मीच.

"मी जाते," मी म्हटलं.

भाऊजींच्या हातातली टोपी फिरायची थांबली. ओनी आनंदानं उडी मारेल असं मला वाटलं होतं, निदान जितकी मारता येईल तितकी. तो घाबरल्यासारखा दिसला. "तू? मचाणावर? माझ्या?"

"का? शाळेत रोज चारशे पोरांना जेवायला घालते. एका हरणाला घाबरेन?"

२१ सप्टेंबर

परवाना काढला. दुकानदार म्हणाला, "ओनीसाठी का?" मी म्हटलं, "तायमी कांगाससाठी. नीट लिही, दोन्ही शब्द." पाकिटात ठेवलाय. आज तीनदा काढून पाहिला.

२ ऑक्टोबर

शिकवणी सुरू झाली. ओनी मागच्या ओसरीवर कुबड्या टेकून बसतो. मी घरामागच्या रानात जाते, येऊन सांगते, तो अर्थ लावतो. पहिल्या दिवशी डब्याच्या पिशवीत लेंड्या घेऊन आले तेव्हा म्हणाला, "अगं, नुसतं सांगितलंस तरी चाललं असतं."

त्याला जे माहीत आहे ते ऐकून मी थक्क झाले, आणि अभिमानानं फुगले. नर शिंगं घासून झाडाची साल काढतो, ती खोडाच्या ज्या बाजूची निघाली असेल त्या बाजूनं तो आलेला असतो. मनगटाएवढ्या रोपट्यावर घासण असेल तर कुणीही पोरसवदा असू शकतो. मांडीएवढ्या खोडावर असेल तर तिथं दादा माणूस राहतो. दबलेल्या गवताच्या तीन-चार जागा जवळजवळ असतील तर मादी आणि पिल्लं. एकटीच मोठी जागा, पाठ वाऱ्याला आणि तोंड उताराकडे, तो नर. आणि उकरण. पानं बाजूला सारून खुरानं जमीन उकरलेली असते, बरोबर वर एक लोंबती फांदी, तिचं टोक चावलेलं. "जमीन नंतर बघ," तो म्हणाला, "आधी फांदी बघ. फांदी ही त्यांची पत्रपेटी. येणारा-जाणारा प्रत्येकजण तिला तोंड लावून जातो."

असं सांगताना त्याचा चेहरा लग्नातल्या फोटोसारखा होतो. कान फाटलेली एक मादी आहे म्हणे, ती बरोबर दहाला पोस्टमनसारखी येते. एका नराला डाव्या पायानं लंगडायची सवय आहे, पण माद्या जवळ असल्या की लंगडत नाही.

"इतकं सगळं बघायला तुला वेळ कधी मिळतो?" मी विचारलं.

"बसलं की दिसतं," तो म्हणाला.

अशा माणसाच्या हातून नेम चुकेलच कसा? एकतीस मोसमांत एकदाही चुकला नाही. आमच्या कॅम्पात ज्याचा नेम चुकतो त्याच्या शर्टाची मागची शेपटी कापून भिंतीवर ठोकतात. प्रत्येकाची तिथं लागलेली आहे. वायनोभाऊजींच्या तर चार. एकट्या ओनीचा शर्ट अखंड आहे, लाल-काळ्या चौकड्यांचा, मी लग्नानंतर दिलेला. भिंतीवर शिंगं लावणं त्याला आवडत नाही, दिखाऊपणा वाटतो. पण हा शर्ट मी स्वतः धुते, स्वतः घडी घालते, आणि हेल्मी आली की खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवते.

९ ऑक्टोबर

आज साद घालायला शिकले. एक नळी असते, तिच्यात फुंकलं की नरासारखं घुर्र होतं. मी फुंकलं. शेजारचा कुत्रा पलंगाखाली गेला तो संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही.

ओनी नळीशिवाय, नुसत्या घशातून काढतो. हलका, आखूड, वाटेनं जाताना कुणी "काय रे" म्हणावं तसा. मग गप्प. मग बराच वेळ गप्प.

"एकदा म्हणायचं आणि ऐकायचं," तो म्हणाला. "पुन्हा पुन्हा बोलावलं तर त्याला कळतं की हा कुणी बडबड्या माणूस आहे. तुला हेच सगळ्यात जड जाणार."

मी दुपारभर त्याच्याशी बोलले नाही. त्यालाच जड गेलं.

१६ ऑक्टोबर

वासाचा धडा. मी आयुष्यभर कांदा आणि दालचिनीच्या वाफेत उभी राहिलेली बाई. ओनी म्हणतो, माझा वास तालुक्यातल्या प्रत्येक हरणाला माहीत असणार. कपडे बिनवासाच्या साबणानं धुऊन लाकडांच्या खोपटात टांगले, खिशांत सीडरच्या झाडाचा वासाचा पाला कोंबला.

दुकानातून माजावर आलेल्या मादीचं मूत आणलं. एवढीशी बाटली, दाम औषधासारखा. बुटाला चिंधी बांधायची, चिंधीवर चार थेंब टाकायचे आणि मचाणापर्यंत चालत जायचं; नर नाक जमिनीला लावून मागोमाग येतो. ओनी म्हणतो, ठीक आहे, पण खरा मालक वारा. तो डबीत रुईसारख्या झाडाच्या म्हाताऱ्या साठवतो. एक सोडायची, ती जिकडे तरंगत जाईल तिकडे आपला वास चालला. म्हातारी हरणांच्या वाटेकडे गेली तर गुपचूप घरी यायचं.

१९ ऑक्टोबर

बाटली गाडीत सांडली. शाळेत माझ्याजवळ कुणी फिरकलं नाही. मुख्याध्यापकबाईंनी खिडक्या उघडायला लावल्या, कारण विचारलं नाही. दुसरी बाटली आणली.

२३ ऑक्टोबर

एक गोष्ट मनाला लागली आहे, इथं लिहून टाकते. ओनी मला वाऱ्यापासून सुरुवात करून हरीण समोर येऊन उभं राहीपर्यंत सगळं शिकवतो, आणि तिथं थांबतो. मी विचारते, "मग?" तो म्हणतो, "मग बघ त्याच्याकडे." "आणि मग?" "मग तुला कळेल." आज तर म्हणाला, पहिल्या वर्षी बार काढलाच पाहिजे असं नाही, नुसतं बसलीस तरी फळी राहते.

म्हणजे माझ्यावर भरवसा नाही. मी चुकेन आणि कांगास नावाला बट्टा लागेल ही भीती. मला वाईट वाटलं, पण त्याचंही बरोबर आहे. इतक्या वर्षांची अब्रू बायकोच्या हाती द्यायची म्हणजे छातीत धडधडणारच. मी त्याला सांगितलं, "तुझा शर्ट अखंड परत आणीन." तो काहीतरी बोलणार होता, पण पाणी मागितलं.

३० ऑक्टोबर

नेम धरायला एडी बूशेनं शिकवलं. कॅम्पातला सगळ्यात धाकटा, म्हणजे पंचेचाळीसचा. खडीच्या जुन्या खाणीत पुठ्ठे लावून दिले.

"वहिनी, ओनीनं नाही शिकवलं?"

"तो म्हणतो तू चांगला मास्तर आहेस. त्याच्यासारख्याला शिकवता येत नाही रे. ज्याला जन्मजात येतं त्याला सांगता येत नाही."

एडीला एवढा ठसका लागला की मी पाठीत गुद्दे घातले.

शेवटच्या दहांतले सात पुठ्ठ्यात. एडी म्हणाला, उत्तम. मी म्हटलं, ओनीचे दहा लागले असते. तो म्हणाला, "त्याबद्दल मी काय बोलू, वहिनी."

१२ नोव्हेंबर

सामान बांधलं. सरावाची काडतुसं संपली होती, म्हणून कपाटातून ओनीची डबी काढली. केवढा टापटिपीचा माणूस. डबी इतकी गच्च भरलेली की हलवली तरी आवाज नाही. वर कोस्केलाच्या दुकानाची किमतीची चिठ्ठी. म्हातारा कोस्केला वारून, दुकान मोडून तिथं पेट्रोलपंप झाला त्याला कितीतरी वर्षं झाली. पूर्वीच्या वस्तू टिकायच्या.

ओनी डबीकडे पाहत राहिला. "तीच नेतेस?"

"शुभ आहे ती."

शर्टही तोच घातला. बाह्या दुमडाव्या लागल्या. दारात ओनीनं माझी कॉलर नीट केली आणि म्हाताऱ्यांची डबी खिशात घातली. "तिथली पाखरं जरा आगाऊ आहेत," म्हणाला, "मनावर घेऊ नकोस."

१४ नोव्हेंबर, कॅम्प

आले. बर्फ घोट्यापर्यंत. खोलीत चूल, पाच फळ्या, मोज्यांचा वास. पुरुषांनी माझ्यासाठी फळीपुढे चादरीचा पडदा लावला होता. दोघे लाहती भाऊ आहेत, ते वर्षाकाठी एखादं वाक्य बोलतात. रँडल कोपऱ्यात गादी पसरून बसला होता, म्हणाला, "मामी, आता जेवणाची चिंता मिटली."

मी म्हटलं, "कुणाची? माझी स्वयंपाकाची पाळी गुरुवारी आहे. आज कुणाची?" आज त्याचीच निघाली. शेंगा उकडल्या त्यानं. कच्च्या.

भिंत पाहिली. शर्टांच्या शेपट्या एकाला एक लागून, प्रत्येकीखाली आडनाव आणि साल. मी सगळ्या वाचल्या. कांगास नाही. एडीला मुद्दाम विचारलं, "आमचं नाव कुठं दिसत नाही?" तो म्हणाला, "नाही ना, वहिनी," आणि वायनोभाऊजींनी उगाचच चुलीत लाकूड सारलं. हेवा आहे, दुसरं काय. एकतीस वर्षं सोबत झोपून उठून एकाच माणसाचा नेम बरोबर, म्हणजे इतरांना टोचणारच.

१५ नोव्हेंबर

पहिला दिवस. उजाडायच्या आत मचाणावर. ओनीचं मचाण म्हणजे घरच आहे. बसायला गादी, कप टांगायला खिळा, कोपर टेकून टेकून गुळगुळीत झालेली फळी. पण समोर फांद्यांचं जंजाळ. बाकीच्यांनी आपापल्या मचाणापुढं फांद्या तोडून नेमासाठी मोकळ्या वाटा केल्यात. ओनीच्या पुढं एकही नाही. हा माणूस त्या एवढ्याशा फटींतून नेम धरत असणार. मला ते जमणार नाही, म्हणून दुपारी करवतीनं एक वाट पाडली. त्याला राग येणार नाही अशी आशा आहे.

पाखरांचं त्यानं खरं सांगितलं होतं. काळ्या टोपीची ती चिमुकली येऊन थेट माझ्या बंदुकीच्या नळीवर बसली. एक तर हातमोज्यावर बसून पावाची वाट बघत होती, जणू मी उशीर केला.

दहाला कान फाटलेली मादी आली. पोस्टमनसारखी. मी ओनीला सांगायला वळले आणि शेजारी कुणी नाही हे लक्षात आलं.

१६ नोव्हेंबर

दोनशे पावलांवर उकरण सापडली, ताजी, बर्फावर काळी माती उधळलेली. आधी फांदी पाहिली; टोक ओलं होतं. तिथून सीडरच्या दलदलीकडे मांडीएवढ्या खोडांवर घासण, सगळी दलदलीच्या बाजूला. म्हणजे तो सकाळी दलदलीतून वर येतो. संध्याकाळी जेवताना सांगितलं तर भाऊजींनी चमचा खाली ठेवला. "हे ओनीनं शिकवलं?" मी म्हटलं, "दुसरं कोण शिकवणार?" ते म्हणाले, "आम्हा कुणालाही त्याच्याएवढं कळत नाही. हे मी खरं सांगतो, तायमी." मला इतकं बरं वाटलं की आणखी एकदा वाढून घेतलं.

आता मला खुणा वाचता येतात. नजरेतून काही सुटत नाही.

१८ नोव्हेंबर

आजचं आजच लिहायला हवं.

पहाटे चिंधी बुटाला बांधून दलदलीच्या कडेनं चालत मचाणावर जाऊन बसले. म्हातारी सोडली, ती माझ्या मागे नदीकडे गेली. उत्तम. एकदा घुर्र केलं. एकदाच. मग गप्प बसले, आयुष्यात बसले नव्हते इतकी.

तो आला. नाक जमिनीला, माझ्याच पावलांवर, आगगाडीसारखा सरळ. मान एवढी जाड, शिंगं राखाडी, नाकातून वाफ. मी पाडलेल्या मोकळ्या वाटेत आला तेव्हा घशातून हलकेच "काय रे" केलं, ओनीसारखं. तो थांबला. मान वर करून बघू लागला. चाळीस पावलंसुद्धा नसतील. आणि मी त्याच्याकडे पाहिलं.

ओनी म्हणायचा ना, मग बघ. मी बघत राहिले. किती वेळ कोण जाणे. छाती अशी उडत होती की शर्टाचं बटण हललेलं मला दिसलं. मग फळी आठवली, रँडलची गादी आठवली, आणि बार काढला.

एडीनं सांगितल्याप्रमाणे बराच वेळ खाली उतरले नाही. उतरले तर रक्ताचा थेंब नाही, केस नाही. गोळी मागच्या बर्चच्या खोडात, माझ्या डोक्याच्याही वर. जखमी होऊन कुठं तडफडत असेल तर, म्हणून माग काढत दुपारपर्यंत दलदलीत फिरले. दहा-बारा उड्या मारल्या होत्या, मग धावला होता, मग चालला होता. पुढं एके ठिकाणी निवांत उभं राहून सीडरचा पाला खाल्लेला. तो अपमान मात्र मला फार लागला.

बार सगळ्यांनी ऐकला होता. परतले तेव्हा पाचही जण दारात उभे. काहीतरी सबब सांगता आली असती. मी म्हटलं, "चुकला. पूर्ण माझी चूक. बर्चला लागला."

कात्री चुलीवरच्या खिळ्याला असते. भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या शर्टाकडे.

"राहू दे," ते म्हणाले. "पहिलंच वर्ष. ओनीचा शर्ट आहे तो."

"राहू दे," एडीही म्हणाला.

मला हायसं वाटलं, कबूल करते. घरी शर्ट अखंड न्यायचा शब्द दिला होता. तेवढ्यात रँडल कोपऱ्यातून म्हणाला, अगदी गोड आवाजात, "बरोबरच आहे. पाहुण्यांचा शर्ट आपण कापत नाहीच. आता मामी पाहुण्या म्हटल्यावर फळीचंही बोलून घेऊ."

तेव्हा कळलं. शर्ट वाचवला तर फळी जाते. फळी राखायची तर एकतीस वर्षांचा अखंड शर्ट कापायचा, तोही माझ्या पायी. मी ओनीचा विचार केला: खिडकीशी बसलेला, गोधडीखाली आवळलेली बोटं. मग जाऊन कात्री काढली आणि भाऊजींच्या हातात दिली.

"कापा, भाऊजी. मी पाहुणी नाही."

"तायमी, हा शर्ट..."

"कुणाचा आहे मला माहीत आहे. मीच दिलाय. कापा."

मी पाठ केली. ते हळूच म्हणाले, "बोटभर पुरे." मी म्हटलं, "नीट कापा, सगळ्यांचा कापता तसा." कापडाचा तो आवाज मी विसरणार नाही. जाड लोकर, धारही बरी नव्हती, कात्री करकरत गेली.

तेवढ्यात थोरला लाहती बोलला. या वर्षीचं वाक्य त्यानं खर्च केलं. "त्या मचाणावरून बार निघाला, हेच खूप."

भाऊजी त्याच्यावर खेकसले, "लाकडं संपलीत, घेऊन ये." लाकडं तर भिंतीला लागून छपरापर्यंत रचलेली होती. तो मुकाट गेला.

तुकडा खिडकीजवळ ठोकला, भाऊजींच्या चारांच्या शेजारी. खाली त्यांनी कोळशानं लिहिलं: कांगास, १९९४. मी म्हटलं, "तायमी लिहा. चूक माझी आहे, त्याच्या नावावर कशाला?" ते म्हणाले, जागा नाही. जागा चांगली वीतभर होती. पण पाठ करून डोळे पुसत होते म्हणून मी जास्त ताणलं नाही. चुलीच्या धुराचा त्यांना त्रास होतो.

रँडलला आज भांडी लागली. फळी कांगासांचीच.

२२ नोव्हेंबर, घरी

गाडीत येताना वाक्य पाठ केलं होतं: ओनी, शर्ट कापला गेला, पण फळी राहिली. दार उघडल्यावर सगळं विसरले आणि नुसती पाठ फिरवून उभी राहिले.

कापलेल्या कडेवरून त्याचं बोट फिरलेलं मला जाणवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"बार काढलास?"

"काढला. चुकला."

"आणि तो?"

"पुढं जाऊन सीडर खात उभा राहिला."

तो हसला. इतका हसला की खुबा धरून खाली बसला, आणि हसता हसता गालावरून पाणी. मला वाटलं अब्रू गेल्याचं दुःख आहे. मी माफी मागायला लागले तर त्यानं हात धरून शेजारी बसवलं आणि सगळं सुरुवातीपासून सांगायला लावलं. कुठून आला, मान कशी उचलली, डोळा कसा होता. ते सगळं त्यानं आनंदानं ऐकलं. बाराशी आल्यावर त्यानं हात जरा घट्ट धरला.

"भिंतीवर नाव काय लिहिलंय?"

"नुसतं कांगास. माझं नाव लिहा म्हटलं तर तुझा भाऊ म्हणतो जागा नाही."

"वायनोनं लिहिलं? स्वतः?"

"कोळशानं. आता तूही भिंतीवर लागलास माझ्यामुळं. मला माफ कर."

"पुन्हा सांग," ओनी म्हणाला. "काय लिहिलंय?"

मी पुन्हा सांगितलं.

२४ नोव्हेंबर

कॅम्पातल्या वाटणीचं मांस घेऊन एडी आला, नेहमीसारखं, सगळ्या फळ्यांना सारखं. सॉसेज हेल्मीच्या हातचे, लसूण भरपूर. दर वर्षी ओनीचं हरीण कुठलं आणि दुसऱ्याचं कुठलं हे मला कधी ओळखता आलं नाही. या वर्षी निदान माहीत आहे की यात आमचं नाही. तरी मान खाली घालून खावं असं वाटलं नाही.

शर्टाला ठिगळ लावून देते म्हटलं, लाल कापड आहे शिल्लक. ओनी म्हणाला, सुई लावशील तर खबरदार.

४ डिसेंबर

आज ओनी काठी टेकत चर्चला आला, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. प्रार्थनेनंतर तळघरात कॉफी असते. तिथं यानं कोट काढून खुर्चीवर टाकला आणि शर्ट मुद्दाम पँटबाहेर ओढला. कापलेली बाजू सगळ्यांना दिसेल असा पाठमोरा उभा राहून कॉफी ओतत होता, तीही सगळ्या टेबलांना. इतक्या वर्षांत मी त्याला कॉफी ओतताना पाहिलेलं नाही. जो येईल त्याला सांगतो, "आमचा तुकडा भिंतीवर लागला यंदा." आमचा! चुकले मी, आणि मिरवतो हा. हेल्मी माझा हात दाबून म्हणाली, "तायमी, तुझं फार कौतुक वाटतं गं." नेम चुकल्याचं कौतुक या गावातच होऊ शकतं. पण खोटं कशाला बोलू, मीही ताठ बसले होते. माझ्या नवऱ्याची एवढी मोठी अब्रू मी घालवली आणि तो लग्नाच्या दिवशीपेक्षा जास्त ऐटीत चालत होता.

घरी आल्यावर काडतुसांची डबी कपाटात ठेवायला घेतली. ओनीनं ती माझ्या हातातून घेतली, कानाशी नेली आणि हलवली. आतून खुळखुळ झालं. त्यानं पुन्हा हलवली.

"वाजते," तो म्हणाला.

मी म्हटलं, एक काढलं की बाकीची वाजणारच, त्यात नवल कसलं. त्यानं डबी कपाटात ठेवली नाही. दर्शनी खिडकीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी ठेवली. मी तिथून जिरेनियमची कुंडी उचलून जागा करून दिली.